फुलपात्रातलं गाव

वळसंगकर काका हॉटेलात बसले की मेन्यूकार्डाला हात लावत नाहीत. आधी जाकिटाच्या खिशातून एक स्टीलचं फुलपात्र काढतात, रुमालाने पुसतात आणि समोर ठेवतात. वेट्रेस पाणी आणते. "नो आइस, नो लेमन, नो स्ट्रॉ," असं तिला बजावून काका ग्लासातलं पाणी फुलपात्रात ओततात, नाकाशी नेतात, एक घोट तोंडात घोळवतात आणि डोळे मिटतात. आम्ही भुकेने कासावीस होऊन त्यांच्या तोंडाकडे बघत असतो. मग डोळे उघडून काका निकाल जाहीर करतात, "बासष्ट." एका थाई हॉटेलातल्या नव्या पोरीला ही ऑर्डर वाटली. तिने बासष्ट नंबरचे खेकडे आणून काकांपुढे ठेवले. काका जन्माचे शाकाहारी.

शंभरपैकी मार्क. पस्तिसाच्या खाली नापास, चाळिशीच्या आसपास एटीकेटी, साठाला फर्स्ट क्लास. आमच्या जॉर्जियातल्या अल्फारेटाला सदुसष्ट आहेत आणि ते वाढवून मिळावेत म्हणून मी तीन वर्षं भांडते आहे, कारण दरवेळी मीच त्यांना चहा देते आणि दरवेळी ते पाण्याचेच मार्क सांगतात, चहाबद्दल अवाक्षर नाही. डिस्टिंक्शन आजवर तीनच गावांना. दोन कुठल्या तरी डोंगरातली आणि तिसरं त्यांचं स्वतःचं, सोलापूरकडचं. "काका, ही पार्शालिटी आहे," असं मी म्हटलं तर म्हणाले, "आहेच. त्या आडाचं पाणी मी चार कोस चालून आल्यावर प्यायलोय. तू चालून ये, तुलाही देऊ देईन मार्क."

काकांनी उभी हयात एका काउंटीच्या पाणी खात्यात काढली. पंप, पाइप, टाक्या. रिटायर झाल्यावर माणसं गोल्फ शिकतात किंवा शेअर मार्केट. काकांनी एक वही केली आणि गावोगावचं पाणी तपासायला घेतलं. "ज्या गावाचं पाणी प्यायलं नाही, ते गाव पाहिलं नाही," हे त्यांचं ब्रीद. विमानतळावर एकदा सिक्युरिटीवाल्यांनी ते फुलपात्र बाजूला काढलं, तीन माणसं जमली, उलटंपालटं करून बघितलं. काकांनी रिकामं फुलपात्र तोंडाला लावून दाखवलं. "वॉटर. ओन्ली वॉटर. सिन्स नाइन्टीन सेव्हन्टी फोर." आणि वर त्यांनाच विचारलं, तुमच्या नळाला क्लोरीन कोण घालतं.

मी नागपूरची. आमच्याकडे पाणी या विषयावर उन्हाळ्यात टँकरपुरतं बोलतात. त्यामुळे सुरुवातीला मला हे गृहस्थ थोडे सर्किट वाटले. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतात. पण शेजारी राहायचं तर माणसाचं एखादं वेड सोसावंच लागतं, आणि काकांनी आमच्या इराला एका संध्याकाळी भागाकार शिकवला होता, जो शाळेला वर्षभरात जमला नव्हता.

काकांच्या घरात काकू आहेत. कुसुमकाकू. त्यांचं विसरणं सुरू होऊन चार वर्षं झाली. आधी चष्मा विसरला, मग गॅस, मग माणसं. मला त्या कधी धाकटी बहीण समजतात, कधी पोस्टातली बाई. काकांना बहुतेक वेळा "अहो, तुम्ही" म्हणतात, पण कोणाला म्हणतात ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. हे सगळं काकांनी पचवलं होतं. दिवाळीनंतर मात्र नवीनच दुखणं निघालं. काकूंनी पाणी पिणं सोडलं. घोट घ्यायच्या, तोंडात धरायच्या आणि हळूच ओठांतून सोडून द्यायच्या. म्हणायच्या, "हे आपलं पाणी नाही."

काकांनी काय काय केलं! फिल्टरचं दिलं, बाटलीतलं दिलं, उकळून दिलं. इंडियन स्टोअरमधून माठ आणला, त्यात वाळा टाकला. तुळशीची पानं घातली. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बोअरचं पाणी कॅन भरून आणलं. सरबत, ताक, सूप, थोडं थोडं जायचं, पण पुरायचं नाही. दोनदा सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तिसऱ्यांदा असं झालं तर यांना घरी ठेवता यायचं नाही, नर्सिंग होमची व्यवस्था बघून ठेवा. काका मला हे सांगताना हसत होते. "गावंच्या गावांना पाणी पाजलं गं मृणाल, आणि घरचं माणूस तहानलेलं." त्या दिवशी मात्र मला हसता आलं नाही.

एप्रिलमध्ये त्यांची मुलगी मेधा ओहायोतल्या डब्लिनहून आठवडाभर रजा काढून आली. आल्या आल्या तिने बापाकडे एकदा बघितलं आणि माझ्या दारावर थाप मारली. "तुम्ही स्प्रिंग ब्रेकला कुठे जाताय?"

"सेंट ऑगस्टीनला. फ्लोरिडात. जुनं स्पॅनिश गाव आहे."

"बाबांना घेऊन जा. प्लीज. चार दिवस मी आईला बघते. हा माणूस चार महिने घराबाहेर पडला नाहीये."

काका तयार होईनात. शेवटी माझा नवरा संदीप म्हणाला, "काका, साडेचारशे वर्षं जुनं गाव आहे. एवढी वर्षं लोक पाणी कुठलं पीत असतील हो?" काका अर्ध्या तासात बॅग भरून आले. वही, फुलपात्र आणि सहा काचेच्या बाटल्या. कपडे मेधाने नंतर आणून दिले.

आता, सहलीच्या बाबतीत माझा एक स्वभाव आहे. मी एक्सेल शीट करते. किल्ला नऊ ते अकरा, जुनी शाळा अकरा ते साडेअकरा, दीपगृह दुपारी, समुद्र संध्याकाळी. माझ्या शीटमध्ये 'रस्त्यात दिसेल ती पाण्याची टाकी' असा कॉलम नव्हता. जॉर्जियात दर गावाला एक टाकी, प्रत्येक टाकीवर गावाचं नाव आणि प्रत्येक नावाला काकांचा एक सुस्कारा. "संदीप, इथे दोनच मिनिटं." सहा तासांचा रस्ता आम्ही नऊ तासांत केला. इराने वहीत मार्क लिहायचं काम अंगावर घेतलं होतं. एका पेट्रोल पंपाच्या नळाला काकांनी अठ्ठावीस दिले तेव्हा ती हळहळली, "काका, दॅट्स सो मीन. गिव्ह इट अ सेकंड चान्स." काका परत गेले, परत प्यायले आणि एकोणतीस केले.

सेंट ऑगस्टीन मात्र पाहताक्षणी आवडावं असं गाव. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर अडतील अशा गल्ल्या, लाकडी सज्जे, आणि समुद्राच्या काठाला बुटका, रुंद किल्ला. त्या किल्ल्याचा दगड म्हणजे दगड नव्हेच, शंखशिंपल्यांचा घट्ट झालेला चुरा. तोफेचा गोळा आला की भिंत फुटायची नाही, गोळा आत रुतून बसायचा. हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं आणि सकाळी सगळ्यांना सांगणार होते. सांगायची वेळच आली नाही. दारातून आत गेल्याबरोबर काकांना अंगणात विहीर दिसली.

विहिरीपाशी स्पॅनिश शिपायाचा पोशाख केलेला एक म्हातारा गाइड उभा होता. मिश्या खऱ्या, तलवार खोटी. काकांनी त्याला धरलं. गाव वेढ्यात सापडलं तेव्हा सगळी माणसं या किल्ल्यात येऊन राहिली होती, कित्येक आठवडे. बायका, पोरं, गुरं. काकांचा प्रश्न एकच, "व्हॉट डिड दे ड्रिंक?" गाइड आधी पाठ केलेलं बोलला. मग टोपी काढून मनापासून बोलायला लागला. समुद्र दहा पावलांवर असून विहिरीला गोडं पाणी कसं, गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर कसा तरंगतो, उपसा जास्त झाला की खारं कसं वर येतं. दोन म्हातारे विहिरीच्या कठड्याला टेकून तासभर बोलत होते. शेवटी गाइड संदीपला म्हणाला, "इतक्या वर्षांत लोकांनी मला तोफांबद्दल विचारलं. पाण्याबद्दल विचारणारा हा पहिला." किल्ल्यात आम्ही पाहिलं काय, तर विहीर. तीही झाकलेली. काका हळहळले, "हिला मार्क देता येत नाहीत. गैरहजर लिही, इरा."

माझ्या शीटचा सत्यानाश झालाच होता, म्हणून अकरा वाजता मीच म्हटलं, चला, तुमच्या आवडीची जागा दाखवते. गावाबाहेर एक बाग आहे. तिथे मोर मोकळे फिरतात आणि तिथे म्हणे तारुण्याचा झरा आहे. कोणी एक स्पॅनिश सरदार तरुण करणारं पाणी शोधत या किनाऱ्याला लागला, अशी दंतकथा. लोक रांगेत उभे राहतात, कपभर पाणी पितात, फोटो काढतात आणि होते तेवढ्याच वयाचे परत जातात.

आमच्या पुढे दहाएक माणसं होती. प्रत्येक जण घोट घ्यायचा आणि तोंड वेडंवाकडं करायचा. एका बाईने नवऱ्याच्या बुटांवर चूळ टाकली. इराने कप नाकाशी नेला आणि किंचाळली, "ईऽऽ! काका, इट स्मेल्स लाइक रॉटन एग्ज!" संदीपने जेमतेम गिळलं. मी नाक दाबून ओठ ओले केले. गंधकाचा वास, जमिनीतलं पाणी, त्यात आश्चर्य काही नाही. मी इराची पेन्सिल घेऊन तयार होते. मला खात्री होती की आज नीचांक निघणार.

काकांनी फुलपात्र भरलं. नाकाशी नेलं. आणि तिथेच थांबले.

नेहमीचा घोळवायचा घोट नाही, डोळे मिटणं नाही. एका दमात सगळं फुलपात्र प्यायले. परत भरलं, परत प्यायले. मागची रांग कुरकुर करायला लागली. मी पुढे होऊन विचारलं, "काका, बरं वाटतंय ना? किती मार्क?" काकांनी माझ्याकडे पाहिलं तर डोळ्यांत पाणी.

"संदीप," ते म्हणाले, "बाटल्या आण. आणि गाडी काढ. घरी जायचंय."

"काका, आपण कालच आलो. तीन रात्रींचं बुकिंग आहे. ते कॅन्सलही होत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही थांबा. मी बसने जातो. पण आत्ता जातो. हा वास म्हणजे वायू आहे, मृणाल, पाण्यात विरघळलेला. बाटली अर्धी राहिली, गरम झाली, हिंदकळली की उडाला. मग ते नुसतं पाणी."

काउंटरवरच्या मुलीला त्यांनी विचारलं, नळावर बाटल्या भरू का. ती म्हणाली, खुशाल भरा, हे पाणी मागणारं कोणी भेटत नाही. काकांनी सहा बाटल्या काठोकाठ भरल्या, हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही, बुचं आवळली. आमच्या आइसबॉक्समधले माझे थेपले, इराचे ज्यूस, संदीपची बिअर सगळं भराभर बाहेर निघालं आणि बर्फात सहा बाटल्या झोपल्या. आइसबॉक्सला मागच्या सीटवर मधोमध बसवून काकांनी सीटबेल्ट लावला. अशा माणसाला बसने पाठवणार कसं? आम्हीही निघालो. मी रागावले होते, हे कबूल करते. हॉटेलची खिडकी समुद्राकडे होती.

 तासाभराने काका आपणहोऊन बोलायला लागले.

"कुसुमचं माहेर संगमेश्वराजवळ. गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यामुळे खालच्या आळीतल्या विहिरींनाही तो वास. त्यांना तो जाणवतच नाही. आमचं वऱ्हाड सोलापूरहून निघालं, मे महिना, घाट उतरून सगळे तहानेने व्याकूळ. सासऱ्यांनी स्वतः तांब्या भरून माझ्यासमोर धरला. मी नवा इंजिनियर, पाण्यातला. एक घोट घेतला आणि मांडवात, सगळ्यांसमक्ष, थुंकलो. वर म्हणालो, हे पाणी पिण्यालायक नाही, तपासून घ्या."

"काका!" मी म्हटलं. माझा राग तेवढ्यात उतरला.

"सासऱ्यांनी लगेच शहाळी मागवली. कुसुम दाराआड उभी होती. नवरा म्हणून मी तिला पहिल्यांदा दिसलो तो असा."

"काकू काही बोलल्या नाहीत कधी?"

"पन्नास वर्षांत एकदाही नाही. माहेरी गेलो की माझ्यासाठी वरच्या वाडीतून कळशी आणायची. स्वतः जाऊन, डोक्यावरून." काकांनी आइसबॉक्सवर हात ठेवला. "चार महिने मी तिला स्वच्छ पाणी देतोय गं. गोड, स्वच्छ, वास नसलेलं. ती सांगत होती, हे आपलं नाही. मला वाटलं, तिला कळत नाही."

वाटेत इराच्या हट्टामुळे एकदाच थांबलो. मेकन शहरापाशी ट्रॅफिक लागला तेव्हा काकांनी तीनदा झाकणाकडे हात नेला आणि तीनदा मागे घेतला. "एकदा वास घेऊन बघू का?" ते म्हणायचे आणि इरा त्यांना दटावायची, "काका, नो! तुम्हीच सांगितलं, ओपन केलं की जाणार." गेलाच असेल वास तर? सहा बाटल्या नुसतंच पाणी निघालं तर? मागची टाकी, पुढची टाकी, काकांनी एकीकडेही पाहिलं नाही. मीच संदीपला म्हणाले, जरा दाब ना.

सात वाजता, चांगला उजेड असताना, आम्ही दारात होतो. मेधाने दार उघडलं. "बाबा? तुम्ही तर रविवारी येणार होता!" काका तिच्या बाजूने आत गेले. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. ओठांना कोरड पडलेली. दुपारपासून चमचाभरही पाणी गेलं नव्हतं, मेधा दबक्या आवाजात सांगत होती, मला वाटतं उद्या हॉस्पिटलला न्यावं लागेल.

काकांनी बाटलीचं बूच काढलं. खोलीत वास पसरला. मेधाने नाकाला ओढणी लावली. आयुष्यात इतक्या घाण वासाने मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

काकांनी फुलपात्र काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरून बसल्या. मग घोट घेतला, आणि आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो. पाणी बाहेर आलं नाही. दुसरा घोट गेला, तिसरा गेला. रिकामं फुलपात्र त्यांनी काकांसमोर धरलं. "अजून."

काकांनी भरून दिलं. तेही संपलं. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि काकांकडे नीट निरखून पाहिलं. आवाज एकदम कोवळा, लग्नघरातल्या मुलीचा असावा तसा.

"तुम्ही सोलापूरच्या मंडळींपैकी का? तुम्ही नका घेऊ हो हे. तुम्हाला नाही सोसायचं. शहाळी सांगितलीत बाबांनी."

काकांनी रिकामं फुलपात्र त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा नवरदेव थुंकला म्हणे मांडवात. अगदीच बेअक्कल दिसतो."

काकूंच्या कपाळाला आठी पडली. "असं नका बोलू त्यांना," त्या म्हणाल्या. "स्वभावाने चांगले आहेत ते. पाण्यातलं काही कळत नाही त्यांना, एवढंच."

मेधा स्वयंपाकघरात निघून गेली. मीही तिच्यामागे गेले. दारातून पाहिलं तर काका काकूंच्या पायाशी जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या उष्ट्या फुलपात्रातून ते पाणी घोटाघोटाने पीत होते.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. काकूंना कोणी आठवलं नाही, त्या तरुण झाल्या नाहीत. पण त्या पाणी प्यायल्या. पुढे काका उघडलेली बाटली लगेच छोट्या कुप्यांत काठोकाठ भरून ठेवू लागले आणि साध्या पाण्यात त्यातलं थोडंथोडं मिसळून देऊ लागले, प्रमाण वहीत लिहून. सहा बाटल्या महिनाभर पुरवल्या. डॉक्टरांनी नर्सिंग होमचा विषय पुन्हा काढलेला नाही. बाटल्या संपत आल्या की संदीप गाडी काढतो, आणि आता बाटल्या बारा असतात. सेंट ऑगस्टीनला माझ्या चार फेऱ्या झाल्या. किल्ला अजून विहिरीच्या पुढे पाहिलेला नाही.

गेल्या फेरीला झऱ्यापाशी इराने वही उघडली. सगळ्या गावांपुढे आकडे आहेत, याच्यापुढेच जागा कोरी. तिला असा अर्धवट कारभार चालत नाही. "काका, हाउ मेनी मार्क्स? सांगा ना."

काका बाटलीचं बूच आवळत होते. "मी कोण देणारा?" ते म्हणाले. "मला पाण्यातलं काही कळत नाही. घरी गेल्यावर काकूला विचार."